पहिलं युनिट टाकताय? कोणत्या सरकारी कार्यालयात आधी जायचं आणि कुठे नंतर

जिल्हा उद्योग केंद्र, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अन्न व औषध प्रशासन, वैधमापन (वजनमापं तपासणारं खातं), महावितरण, जीएसटी, खादी मंडळ. छोटा कारखाना काढायचा म्हटलं की ही नावं एकामागून एक कानावर पडतात आणि नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात एजंट शोधायला लागतो. एजंट लावायला माझा विरोध नाही. पण कोणतं कार्यालय कशासाठी आहे हे माहीत नसताना लावलेला एजंट महाग पडतो, कारण तो तुम्हाला कागद मिळवून देतो, क्रम सांगत नाही. आणि या सगळ्या प्रकरणात क्रमच महत्त्वाचा आहे. अनुदान हुकतं ते बहुतेक वेळा पात्रता नसल्यामुळे नाही, तर मशीन आधी आणि अर्ज नंतर झाल्यामुळे.

सुरुवातीला एवढं पक्कं करा: ही कार्यालयं दोन प्रकारची आहेत. काहींचं काम उद्योग वाढवण्याचं आहे. जिल्हा उद्योग केंद्र, खादी व ग्रामोद्योग मंडळ, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही त्यातली. तिथे तुम्ही मागायला जाता. काहींचं काम नियमन करण्याचं आहे. प्रदूषण मंडळ, अन्न व औषध प्रशासन, वैधमापन शास्त्र यंत्रणा, कारखाने तपासणारं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही त्यातली. तिथे तुम्ही परवानगी घ्यायला जाता, आणि पुढे तेच तुमच्याकडे तपासणीला येतात. एमआयडीसी दोन्हीकडे पाय ठेवून आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. सल्ला पहिल्या गटाकडून घ्यायचा आणि तो घेऊन दुसऱ्या गटाच्या दारात जायचं.

उदाहरणासाठी मी मसाल्याचं युनिट धरलं आहे. तालुक्याच्या गावात हळद-मिरची दळून, मसाले तयार करून पाकिटात विकायचे आहेत, अशी कल्पना करा. खाद्यपदार्थ असल्यामुळे यात जवळजवळ सगळी खाती येतात. तुम्ही फर्निचर किंवा प्लॅस्टिकचं काम करणार असाल तर अन्न परवान्याचा भाग वगळा, बाकीचा रस्ता तोच.

पहिली पायरी: जिल्हा उद्योग केंद्र

देशात जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ साली सुरू झाली. कल्पना साधी होती: छोट्या उद्योजकाला राजधानीपर्यंत जावं लागू नये, जिल्ह्यातच एका छताखाली माहिती, शिफारस आणि योजना मिळाव्यात. महाराष्ट्रात ही केंद्रं उद्योग संचालनालयाच्या अखत्यारीत येतात आणि केंद्राचा प्रमुख महाव्यवस्थापक असतो. तुमचं रोजचं काम मात्र उद्योग निरीक्षकाशी पडतं. तालुक्याप्रमाणे त्यांच्याकडे कामाची वाटणी असते, त्यामुळे गेल्या गेल्या 'अमुक तालुका कोणाकडे आहे?' एवढंच विचारा.

रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर पाच गोष्टी लिहून न्या: काय बनवणार, कुठे बनवणार, मशीन कोणती आणि अंदाजे किंमत किती, स्वतःचे पैसे किती घालू शकता, माल कोणाला विकणार. 'काहीतरी धंदा करायचाय, कोणती योजना आहे?' असं विचारणाऱ्याला माहितीपत्रक मिळतं. 'पाच लाखांचं पल्व्हरायझर (दळण्याचं यंत्र) आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, जागा आईच्या नावावर आहे' असं सांगणाऱ्याला उत्तर मिळतं.

तिथून तीन गोष्टी विचारून घ्या. एक, सध्या कोणत्या योजना प्रत्यक्ष चालू आहेत आणि त्यांचा शेवटचा शासन निर्णय कोणता. योजनांच्या मर्यादा आणि अटी बदलत राहतात, नातेवाइकाने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या अनुदानाचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. दोन, तुमचा तालुका कोणत्या गटात मोडतो. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातली गर्दी कमी व्हावी आणि मागास भागात कारखाने जावेत हा तिचा हेतू. म्हणून तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी केली गेली आणि सवलती त्यानुसार कमी-जास्त ठेवल्या गेल्या. सीमेवरच्या दोन तालुक्यांत जागा मिळत असेल तर हा प्रश्न जागा घेण्याआधी विचारायचा असतो. आणि तीन, उद्योजकता प्रशिक्षण कधी आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र जिल्ह्याजिल्ह्यात हे वर्ग घेतं, आणि पुढे अनुदानाच्या वेळी प्रशिक्षणाचा दाखला सहसा लागतो.

जागा: एमआयडीसी की गाव?

एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. लोक तिला जमीन देणारं खातं समजतात, पण वसाहतीच्या हद्दीत ती त्याहून बरंच काही असते. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणारी मालक तीच, पाणी पुरवणारी तीच, रस्ते-दिवे तिचेच, आणि बांधकामाचा नकाशा मंजूर करणारं नियोजन प्राधिकरणही तीच. म्हणजे जी संस्था तुम्हाला उद्योगासाठी बोलावते, तीच उद्या मुदतीत बांधकाम केलं नाही म्हणून नोटीस काढते. भूखंड घेतला की ठरलेल्या काळात बांधकाम पूर्ण करून उत्पादन सुरू करावं लागतं. गुंतवणूक म्हणून भूखंड अडवून ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.

नवख्याला मी सहसा भूखंड सुचवत नाही. गाळा भाड्याने घ्या आणि धंदा बसू द्या. फक्त एक काळजी घ्या: वसाहतीतला गाळा ज्याच्याकडून भाड्याने घेताय, त्याच्याकडे पोटभाड्याने देण्याची एमआयडीसीची परवानगी आहे का, ते कागदावर बघा. तोंडी 'सगळे असंच देतात' यावर विसंबून मशीन बसवलं, तर पुढे प्रत्येक अर्जात जागेचा पुरावा मागतात तेव्हा तुम्ही अडकता. नोंदणीकृत भाडेकरार आणि परवानगीचं पत्र, दोन्ही हवेत.

गावात स्वतःच्या जागेत काढणार असाल तर ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, घराचा मालमत्ता उतारा, आणि शेतजमीन असेल तर तिच्या औद्योगिक वापराबद्दल तहसील कार्यालयात चौकशी, एवढं आधी करा. मसाल्याच्या बाबतीत शेजारी कोण आहे हेही बघा. मिरची दळायला लागलं की भोवतालच्या घरांत ठसका लागतो. तक्रार आली की प्रदूषण मंडळ, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील तिघेही दारात उभे राहतात. शाळेला किंवा दाट वस्तीला लागून कांडप टाकू नका. परवानगी मिळाली तरी टाकू नका.

कर्ज आणि अनुदान: इथे घाई करू नका

मार्गदर्शनाचा हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना २००८ पासून आहे. ती राष्ट्रीय पातळीवर खादी व ग्रामोद्योग आयोग चालवतो. जिल्ह्यात मात्र अर्ज आयोग, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांच्यापैकी एकाकडे जातो. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची कमाल किंमत ५० लाख, सेवा उद्योगासाठी २० लाख. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर अर्जदार किमान आठवी पास हवा. या मुदतबंद योजना असतात, तेव्हा अर्ज करताना सध्याची मुदत कुठपर्यंत आहे ते केंद्रावर विचारून घ्या.

आता आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी.

ही योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. आधी मशीन घेतलं, चार महिने माल विकला आणि मग अर्ज केला, तर तुम्ही नवे उद्योजक राहत नाही. म्हणून अर्ज, शिफारस, बँकेची मंजुरी आणि मग खरेदी, हा क्रम मोडू नका. मशीनवाल्याकडून आधी फक्त कोटेशन घ्या. 'आत्ता अ‍ॅडव्हान्स द्या, दर वाढणारेत' हे प्रत्येक विक्रेता म्हणतो.

अनुदान हातात मिळत नाही. बँक कर्ज देते, आयोगाकडून अनुदानाची रक्कम बँकेत येते आणि ती तीन वर्षं तुमच्या नावाने ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. युनिट चालू आहे याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर ती कर्जात वळती होते. मध्येच युनिट बंद पडलं तर रक्कम परत जाते. 'दहा लाख काढा, साडेतीन लाख माफ' असं जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

आणि निर्णय शेवटी बँकेचा असतो. उद्योग केंद्राने शिफारस केली म्हणजे प्रकरण मंजूर झालं असं नाही. अर्ज पोर्टलवर भरण्याआधी, जी शाखा निवडणार तिच्या व्यवस्थापकाला जाऊन भेटा. जिथे तुमचं खातं आहे, जिथे तुमची उलाढाल दिसते, ती शाखा निवडा. प्रकल्प अहवाल स्वतः समजून घ्या. दुसऱ्याने लिहून दिला असेल तरी मिरची किलोला कितीला घेणार, दळताना घट किती धरली, उधारी किती दिवसांची, हे व्यवस्थापकाने विचारलं की उत्तर तुमच्या तोंडून आलं पाहिजे. हळकुंडाची घट शून्य धरलेला अहवाल बघून बँक अधिकारी पुढचं पान उलटत नाही. तारणाबद्दल बोलणं निघालं तर लक्षात ठेवा: सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या वरच्या रकमेसाठी पत हमी योजना आहे, म्हणजे तारणाऐवजी सरकारी हमी, ती लावून घ्यायची विनंती लेखी करा.

राज्याचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. रचना बरीचशी अशीच, राबवतात जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळ. दोन्हींपैकी एकच घेता येते.

पण समजा तुमचं कांडप आधीपासून चालू आहे आणि आता ते वाढवायचं आहे. मग उद्योग केंद्राच्या आधी कृषी खात्याकडे जा. २०२० साली सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना महाराष्ट्रात कृषी विभाग राबवतो. तिच्यात चालू युनिटही बसतं आणि प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. जिल्ह्यात त्यासाठी संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्या अर्ज भरण्यापासून बँकेपर्यंत मदत करतात. बचत गटांसाठी ही योजना मला सर्वात सोयीची वाटते. तिचीही चालू मुदत आधी विचारून घ्या.

बांधकामाआधी प्रदूषण मंडळ

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्यापेक्षाही जुनं. ते उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा गटांत विभागतं. पांढऱ्या गटाला संमती लागत नाही, फक्त कळवावं लागतं. बाकीच्यांना दोन टप्पे आहेत: उभारणीआधी स्थापना संमती, उत्पादनाआधी चालवण्याची संमती. मसाल्याच्या दळणाचा गट मोटरच्या अश्वशक्तीवरही अवलंबून असू शकतो. म्हणून कोटेशन घेतानाच मोटर किती अश्वशक्तीची हे टिपून ठेवा आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तुमचा गट विचारून घ्या. थोडी लहान मोटर घेतल्याने काम सोपं होत असेल तर मशीन ठरवतानाच कळलेलं बरं. गटांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते, चालू यादीच बघा.

महावितरणकडे जोडणी औद्योगिक दराची मागा. घरगुती मीटरवर पल्व्हरायझर चालवणं अनधिकृत वापर ठरू शकतं आणि दंड मोठा बसू शकतो.

उद्यम नोंदणी आणि जीएसटी

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. पूर्ण मोफत, ऑनलाइन, आधार आणि पॅनवर, कागद अपलोड न करता. पैसे मागणारी बनावट संकेतस्थळं शोधात वर येतात. खऱ्या पोर्टलच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असतो, तो बघितल्याशिवाय आधार क्रमांक टाकू नका.

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. म्हणजे हे वाचणारे जवळपास सगळे सूक्ष्म गटात आहेत.

अर्ज भरताना दोन जागी थांबा. पहिली, व्यवसायाचा संकेतांक. मसाले दळून प्रक्रिया करण्यासाठी १०७९५ हा आहे. घाईत 'किराणा व्यापार' निवडलात तर तुम्ही उत्पादक न राहता व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याला या नोंदणीचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे. थकीत बिलांचं संरक्षण (त्याबद्दल पुढे सांगतो) त्याला नाही. दुसरी, व्यवसाय सुरू झाल्याची तारीख. नव्या उद्योगाच्या योजनेतून अनुदान मागणार असाल तर मागची तारीख टाकून स्वतःच स्वतःला जुना ठरवू नका. खरी तारीख टाका आणि नोंदणी कर्जप्रकरणाच्या कोणत्या टप्प्यावर करायची ते उद्योग निरीक्षकाला विचारूनच करा.

जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात मालासाठी वर्षाला ४० लाखांची उलाढाल. पण राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर ही मर्यादा लागू होत नाही, पहिल्या बिलापासून नोंदणी हवी. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सोलापूर, नांदेडकडच्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. निपाणी किंवा पणजी जवळ असली तरी दुसऱ्या राज्यात आहे.

पाकीट: एवढ्याशा जागेवर दोन खाती

अन्न परवाना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या पोर्टलवरून मिळतो, पण महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम बघतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. उलाढालीनुसार साधी नोंदणी, राज्य परवाना किंवा केंद्रीय परवाना. पाकिटावर १४ अंकी क्रमांक छापायचा. माल विकायला लागण्याआधी हा क्रमांक हातात हवा.

वजनाचं खातं वेगळं: वैधमापन शास्त्र यंत्रणा. पाकीटबंद माल बांधणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत तिच्याकडे नोंदणी करायची असते. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यायचा. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला स्वयंपाकघराचा काटा धंद्याला चालत नाही, त्याचं मॉडेल मंजूर नसेल तर त्यावर शिक्काच बसत नाही.

आता २०० ग्रॅम कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट समोर धरा. अन्न कायद्यासाठी त्यावर हवं: पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणाचा आधी), शाकाहारी खूण, पोषणमूल्यं, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, अ‍ॅलर्जी होऊ शकणारे घटक असतील तर तसा उल्लेख, साठवणुकीची सूचना, प्राधिकरणाचं बोधचिन्ह आणि परवाना क्रमांक. वैधमापनासाठी हवं: उत्पादकाचं नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एकक विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. एकक किंमत म्हणजे ९० रुपयांचं २०० ग्रॅमचं पाकीट असेल तर 'प्रति ग्रॅम ०.४५ रुपये'. एक किलोपेक्षा कमी वजनाला ती ग्रॅममागे लिहायची. ग्रॅमसाठी इंग्रजीत 'जीएमएस' छापतात, ते प्रमाण चिन्ह नाही. नुसतं 'जी' हवं.

मराठी माणसाने एक गोष्ट आवर्जून जाणून घ्यावी. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली पाहिजे, असा नियम आहे. मराठी त्याच्या जोडीला छापता येते, आणि मी तर म्हणेन छापाच. तुमचं गिऱ्हाईक मराठी आहे, त्याला घटक वाचता आले पाहिजेत. पण फक्त मराठीत छापलेलं पाकीट नियमात बसत नाही.

लेबलचा नमुना साध्या कागदावर काढा, दोन्ही याद्यांवरून एकेक बाब तपासा आणि मगच छापखान्यात द्या. हजारो पाउच छापून झाल्यावर राहिलेली एक ओळ फार महागात जाते. 'शंभर टक्के नैसर्गिक' किंवा 'मधुमेहावर गुणकारी' असले दावे छापू नका, सिद्ध करायला सांगितलं तर तुमच्याकडे काही नसतं.

ब्रँडचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक यादीत शोध घ्या. नोंदणीची ऑनलाइन फी कंपन्यांना ९,००० आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये आहे. इथेही उद्यम प्रमाणपत्र कामी येतं. सांगलीची हळद, वर्ध्याची वायगाव हळद, नागपूर जिल्ह्यातली भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव पाकिटावर घालायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. सांगलीत राहतो म्हणून आपोआप हक्क येत नाही.

कामगार

चार-पाच बायका पॅकिंगला असतील तर कामगारविषयक खात्यांचा फार संबंध येत नाही. १० कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), २० झाले की भविष्य निर्वाह निधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रम संहिता अमलात आल्या आहेत. त्यानुसार विजेवर चालणारं युनिट २० कामगारांपासून कारखाना धरलं जातं. हजेरी आणि पगाराची नोंद मात्र पहिल्या बाईपासून ठेवा, आणि पगार बँकेतून द्या.

माल विकणे: सरकारी दारं

सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ पासून आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावी, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून, असं धोरण आहे. उपाहारगृहं, वसतिगृहं यांना मसाला लागतो. पण पैसे यायला वेळ लागतो हे धरूनच दर भरा.

निर्यातीसाठी आयात-निर्यात संकेतांक लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो, क्रमांक तुमचा पॅनच असतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरी. मसाल्यासाठी शिवाय कोचीच्या मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी हवी. फळं-भाज्यांसाठी अपेडा या केंद्रीय संस्थेकडे. २०२४ साली हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनाच्या कारणावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, त्यानंतर मंडळाने तिकडे जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. दुबईतल्या नातेवाइकाला पेटी पाठवणं आणि निर्यात करणं यात केवढं अंतर आहे ते यावरून समजा. पहिलं वर्ष तरी देशातच घट्ट पाय रोवा.

पैसे अडकले तर

छोटे उद्योग मालाअभावी बंद पडत नाहीत, उधारीने पडतात. यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात केलेली सोय इतकी उपयोगाची आहे की ती प्रत्येक उद्योजकाला पाठ असावी असं मला मनापासून वाटतं.

माल स्वीकारल्यापासून, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. 'आमच्या कंपनीची ९० दिवसांची पद्धत आहे' हे कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे.

प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. खाली एक ओळ टाका: 'सूक्ष्म उपक्रम, २००६ च्या कायद्यानुसार देय मुदत लागू'. २०२३ च्या वित्त कायद्यापासून आणखी एक दट्ट्या आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या खरेदीदाराचा लेखापाल स्वतःहून तुमचं उद्यम प्रमाणपत्र मागतो. ते फेब्रुवारीतच पाठवून ठेवा.

तरीही पैसे आले नाहीत तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग खात्याच्या पोर्टलवर अर्ज करा. तो थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुकरता परिषदेकडे जातो. महाराष्ट्रात ही परिषद विभागीय पातळीवर उद्योग सह संचालकांच्या कार्यालयातून चालते. आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून बरीच प्रकरणं नोटीस पोचल्यावरच मिटतात. अर्जासोबत खरेदी आदेश, बिल आणि माल पोचल्याची सही असलेलं चलन हवं. तिसऱ्या कागदाकडेच लोक दुर्लक्ष करतात. टेम्पोवाल्याच्या हाती माल पाठवताना चलनाची दुसरी प्रत सहीशिक्क्यासह परत आलीच पाहिजे, हे त्याला पहिल्या खेपेपासून सांगा.

फाइल अडली तर

महाराष्ट्रात उद्योगांच्या परवानग्यांसाठी 'मैत्री' ही एक खिडकी आहे. २०२३ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. अर्ज शक्य तिथे तिच्यामार्फतच करा, म्हणजे तारीख आणि क्रमांकाची नोंद राहते. त्याशिवाय लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत ठरलेली असते. ती उलटली की त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं. अपिलासाठी वकील लागत नाही.

पण वीज, रस्ता, पाणी, बँक असे दोन-तीन खात्यांत अडकलेले प्रश्न अपिलाने सुटत नाहीत. त्यासाठी जिल्हा उद्योग मित्र समिती आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक सदस्य सचिव, आणि महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ, बँका यांचे अधिकारी एकाच टेबलाला. नवखे उद्योजक तिथे फारसे जात नाहीत, कारण ती मोठ्यांची बैठक आहे असा समज आहे. तसं काही नाही. तुमचा प्रश्न अर्धा पान लिहून, अर्जांच्या तारखा आणि पोचपावत्या जोडून बैठकीच्या आधी उद्योग केंद्रात द्या आणि विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. बैठकीला स्वतः हजर राहा. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या, कारण पुढच्या बैठकीत तोच विषय 'मागील कार्यवाही' म्हणून परत येतो आणि संबंधित अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी यातली केंद्रीय खाती तीच आहेत, राज्याची बदलतात: एमआयडीसीच्या जागी गोवा औद्योगिक विकास महामंडळ, उद्योग केंद्राच्या कामासाठी पणजीचं उद्योग, व्यापार व वाणिज्य संचालनालय. बेळगावकडे जागेसाठी कर्नाटकचं औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ आणि सल्ल्यासाठी तिथलं जिल्हा उद्योग केंद्र.